श्रवणशास्त्रातील क्लिनिकल डॉक्टरेट : पांढुर्णा-सौंसरहून जाणारी वाट

डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी, म्हणजेच एयू.डी., ही श्रवणशास्त्रातील क्लिनिकल डॉक्टरेट आहे. माणसाला किती आणि कसे ऐकू येते हे तपासणे, श्रवणदोष कानाच्या कोणत्या भागात आहे ते शोधणे, श्रवणयंत्र बसवून त्याची जुळणी करणे, कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाच्या यंत्राचे मॅपिंग करणे, चक्कर आणि तोल जाण्याच्या तक्रारींत अंतःकर्णाची तपासणी करणे, ही कामे ऑडिओलॉजिस्टची असतात. औषधे आणि शस्त्रक्रिया यांचा अधिकार कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे राहतो. दोघे एकाच रुग्णावर काम करतात, पण त्यांचे शिक्षण अगदी वेगळ्या वाटांनी होते. एयू.डी.साठी एमबीबीएस लागत नाही, आणि एयू.डी. मिळाल्याने कोणी वैद्यकीय डॉक्टर होत नाही.

पीएच.डी.पासूनही ही पदवी वेगळी आहे. पीएच.डी.मध्ये एका प्रश्नावर संशोधन करून प्रबंध लिहायचा असतो. एयू.डी.चा बहुतेक वेळ रुग्णासमोर, देखरेखीखाली तपासण्या करण्यात जातो. ज्याला पुढे विद्यापीठात शिकवायचे आणि संशोधन करायचे आहे, त्याने पीएच.डी.कडे पाहावे. ज्याला दवाखान्यात बसायचे आहे, त्याच्यासाठी एयू.डी. आहे. अमेरिकेत काही विद्यापीठे दोन्ही पदव्या एकत्र देतात, पण त्या अभ्यासक्रमाला बरीच अधिक वर्षे लागतात.

ही पदवी प्रामुख्याने अमेरिकेची आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ऑडिओलॉजिस्ट होण्यासाठी पदव्युत्तर पदवी पुरते. भारतात या व्यवसायाची मान्य शिडी बीएएसएलपी ही पदवी, त्यानंतर एम.एस्सी. किंवा एमएएसएलपी ही पदव्युत्तर पदवी आणि शेवटी पीएच.डी. अशी आहे. त्यामुळे मध्य प्रदेशातील पांढुर्णा किंवा सौंसरच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी एक गोष्ट ठरवायला हवी : काम कुठे करायचे? अमेरिकेत व्यवसाय करायचा असेल तर एयू.डी.ला पर्याय नाही. नागपूर, छिंदवाडा किंवा आपल्याच गावात काम करायचे असेल तर ती आवश्यक नाही, आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज भारतातील कमाईतून फेडणे फार जड जाते. पदवीच्या नावातला 'डॉक्टर' पाहून घेतलेला निर्णय इथे महागात पडतो.

पदवी कशी आली

श्रवणशास्त्र हा स्वतंत्र विषय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आला. तोफा, विमाने आणि स्फोट यांनी ज्यांचे कान गेले असे हजारो सैनिक अमेरिकेत परतले. त्यांच्या पुनर्वसनासाठी लष्करी रुग्णालयांत केंद्रे उघडली गेली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रेमंड कारहार्ट यांनी या कामातूनच विषयाची शैक्षणिक मांडणी केली. पुढची अनेक दशके अमेरिकेतही पदव्युत्तर पदवी हीच व्यवसायाची पात्रता होती.

मात्र त्या काळात विषय फार पसरला. १९७१ मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी मेंदूच्या खोडातून येणाऱ्या श्रवणलहरींचे वर्णन केले. आपल्याकडे रुग्णालयांत 'बेरा' म्हणून ओळखली जाणारी तपासणी त्यातून उभी राहिली. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःच अतिशय क्षीण ध्वनी बाहेर टाकतो हे दाखवले. आज नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई तपासणी त्या शोधावर उभी आहे. त्यानंतर कॉक्लिअर इम्प्लांट आणि संगणकाने जुळवायची श्रवणयंत्रे आली. हे सारे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मावेनासे झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात एयू.डी. सुरू झाली. पुढे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने, म्हणजे आशाने, २०१२ पासून आपल्या ऑडिओलॉजी प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट स्तराचे शिक्षण बंधनकारक केले.

पहिला टप्पा : बीएएसएलपी

अमेरिकेला जायचे असो वा नसो, सुरुवात एकाच ठिकाणी होते. बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवे. तिसरा विषय जीवशास्त्र असणे सोयीचे, पण गणितवाल्या विद्यार्थ्यालाही दार बंद नाही. ही गोष्ट आपल्या भागात फारशी ठाऊक नसते. गणित घेतलेली मुले आपोआप इंजिनिअरिंगकडे वळतात. वास्तविक ध्वनी, डेसिबल, वारंवारता आणि संकेतप्रक्रिया यांत ज्याला रस वाटतो, त्याचे या विषयात चांगले जमते.

अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला असला पाहिजे. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याखेरीज देशात या व्यवसायात काम करता येत नाही, आणि नोंदणीशिवाय काम करणाऱ्यास शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. महाविद्यालयाची मान्यता किती वर्षांसाठी आहे आणि ती चालू आहे का, हे प्रवेशाआधी परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यता संपलेल्या अभ्यासक्रमात चार वर्षे घातल्यावर नोंदणी मिळाली नाही, तर पुढचा प्रत्येक दरवाजा, अमेरिकेचासुद्धा, अवघड होतो.

आता प्रश्न येतो सीमेचा. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. इथले लोक मराठी बोलतात आणि बाजाराला, दवाखान्याला, शिक्षणाला नागपूर गाठतात. पांढुर्णा तर नागपूर-इटारसी लोहमार्गावरच आहे. प्रवेशाच्या कागदांवर मात्र हा विद्यार्थी मध्य प्रदेशचा रहिवासी असतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीएएसएलपीचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत नीट-यूजीच्या गुणांवर होतो, आणि तेथील राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो. मराठी सीमाभागातील उमेदवारांसाठी महाराष्ट्रात जी सवलत आहे, ती कर्नाटकाशी वाद असलेल्या गावांसाठी आहे. पांढुर्णा-सौंसर त्यात येत नाहीत. मातृभाषा मराठी आहे म्हणून ती सवलत मिळेल असे धरून चालणाऱ्या कुटुंबांची निराशा होते. जातीच्या दाखल्याचेही तसेच आहे : मध्य प्रदेशात काढलेल्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातले आरक्षण मिळत नाही. केंद्रीय संस्थेसाठी ओबीसी उमेदवाराला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. तहसील कार्यालयातून किंवा लोक सेवा केंद्रातून हे कागद बारावीची परीक्षा होण्याआधीच काढून ठेवलेले बरे.

म्हणून या विद्यार्थ्याने तीन दिशांना एकाच वेळी पाहावे. पहिली दिशा केंद्रीय संस्थांची. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, जिला विद्यार्थी 'आयश' म्हणतात, १९६५ मध्ये स्थापन झाली. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखाली चालते आणि पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सारे शिक्षण एका आवारात देते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. ती सामाजिक न्याय मंत्रालयाखाली येते. तिची प्रादेशिक केंद्रे कोलकाता, नोएडा आणि सिकंदराबाद येथे आहेत. या संस्था देशभरच्या उमेदवारांसाठी आहेत, शुल्क खासगी महाविद्यालयांपेक्षा बरेच कमी असते आणि रोज येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी असते. आपल्या भागातल्या मुलांसाठी हीच पहिली पसंती असावी. दुसरी दिशा अभिमत विद्यापीठांची. तिथे राज्याच्या अधिवासाची अट आड येत नाही, पण शुल्क जास्त असते. पुण्याच्या भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. तिसरी दिशा मध्य प्रदेशातील मान्य महाविद्यालयांची, जिथे मूळ निवासी असल्याचा फायदा मिळतो. मुंबईच्या नायर रुग्णालयातील विभाग देशातील या विषयाच्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी आहे. तो महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे, त्यामुळे तिथे अर्ज करताना अधिवासाची अट बारकाईने वाचावी.

प्रवेश परीक्षांची पद्धत दरवर्षी बदलू शकते. कोणती संस्था नीटचे गुण घेते, कोणती स्वतःची परीक्षा घेते, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. आधीच्या तुकडीतल्या मुलांच्या सांगण्यावर विसंबू नये. नीटचा अर्ज मात्र भरून ठेवावा.

पदवीच्या चार वर्षांत काय मिळवायचे

बीएएसएलपीत श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. अमेरिकेत हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. तिथला ऑडिओलॉजिस्ट वाचोपचार करत नाही आणि वाचोपचार करणाऱ्याला श्रवणाची डॉक्टरेट लागत नाही. म्हणून एयू.डी.चा विचार असलेले विद्यार्थी वाचेच्या विषयांकडे दुर्लक्ष करतात. ते योग्य नाही. बहिऱ्या मुलाला यंत्र बसवल्यावर त्याची भाषा कशी घडते हे ज्याला कळत नाही, त्याची जुळणीही अपुरी राहते. शिवाय तालुक्याच्या गावात काम करायची वेळ आली तर एकाच माणसाला दोन्ही करावे लागते.

तपासणीचा पाया शुद्ध स्वर ऑडिओमेट्री हा आहे. २५० ते ८,००० हर्ट्झ या टप्प्यातील प्रत्येक स्वर किती हळू झाला तरी ऐकू येतो, हे हवेतून आणि हाडातून वेगवेगळे मोजले जाते. दोन आकड्यांत अंतर पडले तर दोष बाह्य किंवा मध्य कर्णात असतो, आणि तो बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. दोन्ही सारखेच खाली आले तर दोष अंतःकर्णात किंवा नसेत असतो. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसरा कान मदत करत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यात मास्किंगचा आवाज सोडावा लागतो. चांगला ऑडिओलॉजिस्ट आणि नुसते यंत्र चालवणारा यांतला फरक मास्किंगमध्ये दिसतो. इंटर्नशिपच्या वर्षात ज्याचा हात यात बसला, त्याला अमेरिकेत पहिल्याच सत्रात फायदा होतो.

भाषेची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. स्वर ऐकू येणे आणि बोलणे समजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून शब्दांच्या याद्या ऐकवून वाक्-श्रवण चाचणी घेतली जाते, आणि ती रुग्णाच्या रोजच्या भाषेत घ्यावी लागते. पांढुर्णा-सौंसरला घरात नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि छिंदवाड्याच्या बाजूच्या अनेक खेड्यांत गोंडी ऐकू येते. मराठीच बोलत आलेल्या आजीला हिंदी यादी ऐकवली तर तिचे गुण कमी पडतात, आणि तो दोष तिच्या कानाच्या माथी बसतो. इथे वाढलेल्या मुलाला रुग्ण कोणत्या भाषेत विचार करतो हे दोन वाक्यांत कळते. ही जाण कोणत्याही विद्यापीठात शिकवता येत नाही. परदेशी अर्जाच्या निवेदनातही तिला मोठे स्थान द्यावे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत स्पॅनिश, चिनी किंवा हिंदी बोलणारे रुग्ण रोज येतात, त्यामुळे दोन-तीन भाषांत तपासणी केलेल्या विद्यार्थ्याचे मोल निवड समितीला कळते.

आणखी एक सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी. किती रुग्ण पाहिले, कोणत्या वयाचे, कोणती तपासणी, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, याची नोंदवही ठेवून तिच्यावर दर आठवड्याला सही घ्यावी. रुग्णाचे नाव त्यात लिहू नये. पाच वर्षांनी ही माहिती जमवायला गेले तर तोवर मार्गदर्शक बदललेले असतात. प्रत्येक विषयाचा सविस्तर पाठ्यक्रमही जपून ठेवावा, कारण परदेशी विद्यापीठ एखादा विषय आधी शिकला आहे हे मानायला त्याचा तपशील मागते.

इंटर्नशिप संपताच आरसीआयची नोंदणी करावी. मग लगेच परदेशाची घाई न करता एक-दोन वर्षे मोठ्या रुग्णालयात किंवा इम्प्लांट केंद्रात काम केले, तर निर्णय पक्का होतो आणि अर्जालाही वजन येते. बारावीनंतर बीएएसएलपी आणि एम.एस्सी. मिळून सहा वर्षे होतात, तर बीएएसएलपी आणि एयू.डी. मिळून आठ. भारतात राहायचे असेल तर या टप्प्यावर एम.एस्सी. ऑडिओलॉजी किंवा एमएएसएलपीला जावे. एम.एस्सी. करून मग पुन्हा चार वर्षांची एयू.डी. करणे हा वेळेचा मोठा खर्च आहे. काही विद्यापीठे आधीच्या पदव्युत्तर शिक्षणाची सूट देतात, पण ते धरून योजना आखू नये.

एयू.डी.चा अर्ज

अमेरिकेत एयू.डी. बहुतेक ठिकाणी चार वर्षांची असते. तीन वर्षे वर्ग आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातले काम, आणि चौथे पूर्ण वर्ष बाहेरच्या रुग्णालयात एक्स्टर्नशिप. उन्हाळ्यातही वर्ग घेऊन काही विद्यापीठांनी अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवला आहे. त्यात एका वर्षाचा राहण्याचा खर्च वाचतो, पण ताण फार असतो.

विद्यापीठ निवडताना मानांकनापेक्षा मान्यतेकडे आधी पाहावे. अभ्यासक्रमाला आशाच्या मान्यता मंडळाची किंवा एसीएई या स्वतंत्र मंडळाची मान्यता हवी. त्यानंतर दवाखाना पाहावा : बालरुग्ण किती येतात, इम्प्लांटचे काम आहे का, चक्कर आणि तोल यांची प्रयोगशाळा आहे का, आणि एक्स्टर्नशिपची जागा विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची असते. परदेशी विद्यार्थ्यासाठी हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. अमेरिकन सरकारी रुग्णालयांतल्या अनेक जागा त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात.

बरीच विद्यापीठे सीएसडीकॅस या एकत्रित प्रणालीतून अर्ज घेतात. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते, म्हणजे तयारी वर्षभर आधी हवी. गुणपत्रिकांचे अमेरिकन पद्धतीत मूल्यांकन करून घ्यावे लागते. भारतातील बीएएसएलपी चार वर्षांची असल्याने तीन वर्षांच्या पदवीला येणारी अडचण सहसा येत नाही. टोफेल किंवा आयईएलटीएस लागते. जीआरई अनेक ठिकाणी बंद झाली आहे, काही ठिकाणी अजून मागतात.

शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात. त्यांतले निदान एक अशा मार्गदर्शकाचे असावे, ज्याने विद्यार्थ्याला रुग्णासमोर काम करताना प्रत्यक्ष पाहिले आहे. नुसत्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाची दोन ओळींची स्तुती उपयोगाची नसते. स्वतःच्या निवेदनात लहानपणापासून सेवेची आवड होती वगैरे लिहिण्याचा मोह आवरावा. एखाद्या अवघड तपासणीत काय अडले, ते कसे सोडवले, त्यातून कोणता प्रश्न मनात राहिला, हे साध्या भाषेत लिहावे. मुलाखत बहुतेक वेळा संगणकावरून होते. ज्याचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले त्याने इंग्रजी बोलण्याचा सराव बीएएसएलपीच्या पहिल्या वर्षापासून करावा. रुग्णाला सूचना स्पष्ट देता येणे हा या व्यवसायात परीक्षेचा भाग आहे, उच्चारांचे वळण नव्हे.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ आय-२० हे प्रवेशाचे कागदपत्र देते आणि त्यावर एफ-१ व्हिसा मागता येतो. मध्य प्रदेश अमेरिकेच्या मुंबई वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतो. किमान पहिल्या वर्षाचा खर्च भागवण्याची सोय कागदोपत्री दाखवावी लागते.

पदवीनंतर प्रॅक्सिस ही ऑडिओलॉजीची परीक्षा आणि ज्या राज्यात काम करायचे त्याचा परवाना, या दोन गोष्टी उरतात. परवान्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. आशाचे सीसीसी-ए प्रमाणपत्र हे परवान्याहून वेगळे आहे. ते अनेक राज्यांत बंधनकारक नाही, तरी नोकरीत उपयोगी पडते. परदेशी नागरिकाला पुढे कामाच्या व्हिसासाठी आरोग्यसेवकांचे 'व्हिसास्क्रीन' प्रमाणपत्रही लागू शकते.

पैशाचा हिशेब

अमेरिकेतील चार वर्षांचे शुल्क आणि राहणे मिळून खर्च सहज एक कोटी रुपयांच्या पुढे जातो. सरकारी विद्यापीठांतही परदेशी विद्यार्थ्याला बाहेरच्या राज्याचा चढा दर लागतो. पीएच.डी.ला पूर्ण शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळणे नेहमीचे आहे, एयू.डी.ला मिळते ती मदत सहसा अंशतः असते. २०२३ साली अमेरिकेतील ऑडिओलॉजिस्टची मध्यक वार्षिक कमाई सुमारे ८७ हजार डॉलर होती. त्या कमाईवर कर्ज फिटते, पण त्यासाठी तिथे बरीच वर्षे काम करण्याची परवानगी मिळावी लागते, आणि व्हिसाचे नियम कोणाच्याही हातात नसतात.

पांढुर्णा-सौंसरच्या बहुतेक घरांची मालमत्ता म्हणजे संत्र्याची बाग किंवा कापसाचे शेत. त्यामुळे बँकेत गेल्यावर एक अडचण हमखास येते. २००२ च्या सरफेसी कायद्याची वसुलीची तरतूद शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून अनेक बँका शिक्षणकर्जासाठी शेतजमीन तारण घेत नाहीत. खसरा, बी-१ आणि ऋण पुस्तिका घेऊन शाखेत गेलेल्या वडिलांना तिथे नकार ऐकावा लागतो. घर, अकृषक झालेला भूखंड, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी असे तारण आधीच पाहून ठेवावे. वर्षभर आधी बँकेशी बोलावे, प्रवेशपत्र आल्यावर नव्हे. विनातारण कर्जाचा व्याजदर जास्त असतो, आणि शिक्षण सुरू असतानाही व्याज वाढत राहते. कर्जावर भरलेल्या व्याजाची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०-ई खाली आठ वर्षांपर्यंत मिळते.

शिष्यवृत्तीतही राज्याची सीमा आडवी येते. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मध्य प्रदेशच्या उमेदवाराने आपल्या राज्याच्या विदेश अध्ययन योजनेकडे पाहावे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणाला मिळते. एयू.डी. त्यांपैकी कशात मोडते, हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यावे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट निधी परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्जशिष्यवृत्ती देतो. ती पूर्ण खर्चाला पुरत नाही, पण तिचे नाव इतर ठिकाणी उपयोगी पडते.

परत येण्याची तयारी

अमेरिकेत शिकून परतलेल्याला भारतात काम करण्यासाठी आरसीआयची नोंदणी लागतेच. ज्याने जाण्याआधी बीएएसएलपीवर नोंदणी केली आहे त्याचे काम सोपे असते. ती नोंदणी परदेशात असतानाही चालू ठेवावी. तिचे नूतनीकरण ठराविक वर्षांनी होते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. दुसऱ्या शाखेची पदवी घेऊन थेट अमेरिकेत एयू.डी. केलेल्याला मात्र परदेशी पात्रतेला मान्यता मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते. भारतातील विद्यापीठात वरच्या अध्यापनपदासाठी पीएच.डी. मागितली जाते, एयू.डी. तिची जागा घेत नाही. आणि नावामागे 'डॉ.' लावला तर पाटीवर 'ऑडिओलॉजिस्ट' हा शब्द तितक्याच ठळकपणे असावा. गावाकडे रुग्ण कानातल्या पुवासाठीही तिथेच येईल, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवणे ही पहिली जबाबदारी आहे.

जिल्ह्यात या कामाला सरकारी चौकटही आहे. श्रवणदोष प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि त्यात संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, आणि दिव्यांगांना उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतील इम्प्लांटचे काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. छिंदवाड्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरला एम्स व जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकत असताना सुट्टीत या ठिकाणच्या कान-नाक-घसा विभागात परवानगी घेऊन काही दिवस बसले, तर आपल्या भागातले रुग्ण कोणत्या अवस्थेत पोचतात हे दिसते.

पोचण्याची वेळ हाच यातला सर्वांत नाजूक भाग आहे. जगभर मानला जाणारा दंडक असा : बाळाची चाळणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत, यंत्र आणि उपचाराची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत. मूल उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिरा बोलले होते, असे म्हणत घरात दोन-तीन वर्षे जातात, आणि भाषा शिकण्याचा मेंदूचा सर्वांत चांगला काळ हातून निघून जातो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबलचा दोष म्हणजे बहिरेपण, आणि ६० ते ७० डेसिबल म्हणजे ऊनश्रवण. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी वैद्यकीय मंडळ ऑडिओग्रामवर विसंबते. तो आलेख चुकला तर मुलाची शाळेतील सवलत, श्रवणयंत्र आणि पुढे नोकरीतले आरक्षण सारेच चुकते.

प्रौढांचे कामही कमी नाही. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात आणि कापूस पट्ट्यातील जिनिंगमध्ये यंत्रांचा आवाज पाळीभर चालतो. भारतीय कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजाने होणारा श्रवणदोष आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. त्या वेळी माणसाला आपले काही बिघडले आहे हे कळतही नाही, कारण साधे बोलणे अजून समजत असते. दरवर्षी कामगारांचा ऑडिओग्राम काढून मागच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहणे आणि कानात घालायची बोंडे नीट बसतात का ते पाहणे, हे काम बीएएसएलपी झालेला, नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट जिल्ह्यातच करू शकतो. त्यासाठी लागते ते ठराविक काळाने कॅलिब्रेट केलेले ऑडिओमीटर, आवाज आत न येणारी खोली आणि दरवर्षीचे आलेख जपून ठेवण्याची व्यवस्था.